शेठचं वजन

पोराचं खरं नाव कागदावरच राहिलं होतं. सगळी गल्ली त्याला शेठ म्हणायची. गाल असे वर आलेले की डोळे आत रुतलेले, पोट पुढे, पावलं गोल आणि गुळगुळीत. दारात बसवला की दुकानाच्या गादीवर रेलून बसल्यासारखा दिसायचा. शेजारीण येता-जाता विचारायची, "काय शेठ, आज धंदा कसा?" शेठ हसायचा नाही. मग बाकीचेच हसायचे.

त्याच्या आईला हे ऐकून आतून बरं वाटायचं. नवरा गोदामात हमाली करायचा, सासू खानावळीत भांडी घासायची आणि ती शिलाई कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे आणून शिवणीचे सुटे धागे कापायची. हातातोंडाची गाठ पडताना नाकी नऊ यायचे. अशा घरात एवढं भरलेलं पोर! दुसरं काही जमलं नसेल, पण हे आपल्याला जमलं, असं तिला वाटायचं.

तिला घोर होता तो धाकटीचा. पोर दोन महिन्यांची, हातपाय काटकुळे. त्या दिवशी तिला लस टोचायला आरोग्य केंद्रात न्यायचं होतं. सासू कामावर गेलेली, म्हणून तिने धाकटीला छातीशी बांधलं आणि पावणेदोन वर्षांच्या शेठला कडेवर घेतलं. तो हल्ली चालायचाच नाही. आधी दोन-चार पावलं टाकायचा, मग तेही सोडलं. "जाड्या मुलांना आळस असतोच," असं सासू म्हणायची.

केंद्र म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकून बाक, मधे टेबल, टेबलावर वजनकाटा. सिस्टरने धाकटीला काट्यावर ठेवलं, तक्त्यात खूण केली आणि मान डोलावली. "छान वाढतेय. अंगावरच पाजतेस ना?"

"हो. पण सिस्टर, हिला जरा अंग धरायला काही द्या ना. हा बघा, हिचा भाऊ. ह्याच्यासारखी झाली पाहिजे."

सिस्टरने हसत वर पाहिलं, आणि तिचं हसू तिथेच थांबलं. तिने शेठच्या डोक्यावरून हात फिरवला. केस विरळ, तांबूस, हातात सहज येत होते. मग तिने त्याचं पाऊल हातात घेतलं, अंगठा रोवून धरला, तीन आकडे मोजले आणि अंगठा उचलला.

पावलावर खड्डा पडला होता. मऊ कणकेत बोट खुपसावं तसा. भरून येईना. दुसऱ्या पावलावरही तसाच.

"हे काय केलंत?" आई एकदम ओरडली.

"मी काही केलं नाही, ताई. नीट ऐक. हा जाड नाहीये. हे अंगात साठलेलं पाणी आहे. ह्याच्या पोटात पुरेसं अन्नच जात नाहीये, म्हणून सूज आलीय. ह्याला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्यायचं. उद्या नाही, आज."

बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. आईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "उपाशी म्हणता माझ्या पोराला? आम्ही एक वेळ उपाशी राहू, पण त्याला कधी रिकामं ठेवलं नाही!"

"काय खातो तो?"

"चहात बिस्किट. भाताचं पाणी. बाकी काही घेतच नाही, तोंड फिरवतो."

"आणि अंगावरचं?"

"वर्षाचा झाला तेव्हा तोडलं. ही पोटात होती ना. गरोदर बाईचं दूध बाधतं म्हणतात."

सिस्टर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ती फक्त म्हणाली, "बाधत नाही गं," आणि चिठ्ठी लिहायला बसली.

दवाखान्यात त्याला भरती करून घेतलं. आई धाकटीला घेऊन त्याच्या खाटेशीच राहिली. शेठला दर दोन तासांनी वाटीने मोजून थोडंसं पातळ दूध मिळायचं, औषध घातलेलं. निरोप मिळताच सासू धावत आली, खानावळीचा ओला पदर तसाच. ती वाटी पाहून तिचं माथं भडकलं. "खायला कमी पडलं म्हणता आणि देता एवढंसं? चिमणीला पुरणार नाही!"

"आजी, एकदम जास्त दिलं तर त्याला झेपणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हळूहळू वाढवू."

सुरुवातीला तो दूधही घेईना. आई चमच्या-चमच्याने ओठांशी लावायची, निम्मं गळ्यावरून ओघळायचं. तो रडतही नव्हता, नुसता पडून असायचा. त्याचं हे गप्प असणं किती दिवसांचं होतं, ते ती आठवायला लागली. ह्याच गप्प बसण्यावर तीही हसली होती.

मग त्याला लघवी सुटली. दिवसातून कितीदा दुपटी बदलायची, गणतीच नाही. पावलांवरची कातडी सैल पडली, डोळे मोकळे झाले. आठव्या दिवशी सकाळी तिने त्याला पुसायला उघडं केलं. बरगडी न् बरगडी दिसत होती. दंड तिच्या दोन बोटांच्या चिमटीत मावत होता. कुल्ल्यांची कातडी ढगळ चड्डीसारखी लोंबत होती. भरती झाला तेव्हा नऊ किलो होता. आता काटा साडेसातावर थांबला.

"मारलंत माझ्या पोराला!" ती ओरडली. "धडधाकट आणला होता, काय करून ठेवलंत हे?"

डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी शेठची पावलं दाबून पाहिली आणि तिला खाटेवर बसवलं. "सूज उतरली. हेच व्हायला हवं होतं. ताई, हा गेले कित्येक महिने एवढाच आहे. पाण्याखाली तो आपल्याला दिसत नव्हता."

ती बघतच राहिली. ह्या अंगाला तिने रोज आंघोळ घातली होती. ह्याच गालांचे मुके घेतले होते. रोज हाताखाली होता आणि तिला कळलं नव्हतं. शेजारी उभी असलेली सासू भिंतीला टेकून खाली बसली. "मीच भरवलं गं त्याला," ती पुटपुटली. "बिस्किट बुडवून बुडवून मीच भरवलं. आवडीने खातो म्हणून."

सुनेला तिच्यावर ओरडायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण गेलं वर्षभर, आधी पोटातल्या आणि मग अंगावरच्या बाळासह, ती स्वतः चहा-भातावरच धागे कापत बसली होती, आणि सासू तर खानावळीतलं उरलंसुरलं खाऊन निभावत होती. कोणाला बोलायचं? ती खाली बसली आणि तिने सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आई, मी पण बघत होते ना."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. बारीक, चिडका, पण आवाज. शेठ उताणा पडून दोन्ही हात रिकाम्या वाटीकडे ताणत होता आणि रडत होता. दोघी दचकून उठल्या. काही दुखतंय का, लागलं का, म्हणून त्या त्याला चाचपू लागल्या.

"भूक लागलीय त्याला," पलीकडच्या खाटेपासून दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं. "थांबा, आणते."

दूध आलं. त्याने वाटी दोन्ही हातांनी धरली, दातांनी पकडली, संपवली आणि पुन्हा रडायला लागला. त्या दिवसापासून त्याचं रडणं काही आवरेना, आणि ते ऐकायला नवरा कामावरून थेट दवाखान्यात येऊन बसायचा.

आणखी तीन आठवड्यांनी त्याला घरी सोडलं. आता दिवसातून पाच वेळा खाणं, त्यात डाळ, अंडं, शेंगदाण्याचं कूट घातलेलं दूध. आरोग्य केंद्रातली सिस्टर दर आठवड्याला येऊन वजन बघायची आणि आईच्या पुढ्यातही ताट आहे का ते बघायची. शेजारीण दारातच हबकली. "अगं बाई, किती वाळलं हे पोर! कुठे गेला आमचा शेठ?"

आईने पोराला खाली उभं केलं. त्याने दाराची चौकट धरली, तोल सावरला आणि शेजारणीच्या हातातल्या केळ्याच्या दिशेने एक पाऊल टाकलं.