खांबाने पाय घालायचा नाही

आमच्या मैदानावर ते नारिंगी प्लॅस्टिकचे शंकू कधी आलेच नाहीत. क्लबच्या सेक्रेटरीकडे मी दोन वर्षं मागत होतो आणि तो प्रत्येक वेळी "पुढच्या मीटिंगला घेऊ" म्हणायचा. शेवटी मी मागणं सोडलं आणि पोरांनाच उभं करायला लागलो. तीन-तीन पावलांवर एकेक पोर, अशी सात पोरांची रांग. त्यांना मी खांब म्हणायचो. बाकीच्यांनी बॉल पायाशी ठेवून त्यांच्यामधून वळणं घेत जायचं आणि शेवटच्या खांबाला वळसा घालून परत यायचं. खांबांना नियम एकच. पाय घालायचा नाही. बॉल बोटभर अंतरावरून गेला तरी हलायचं नाही.

दहा मिनिटं खांब, दहा मिनिटं बॉल, असं ठरवलं होतं. पण ज्याला येतं त्याला बघत राहावंसं वाटतं. हळूहळू काही पोरं बॉलवाली झाली आणि काही खांबच राहिली. कोणी तक्रार केली नाही, म्हणून मीही हिशेब ठेवला नाही.

बॉलवाल्यांत पहिली माझी नात. लेकीची मुलगी. शाळेत तिचं नाव वेगळं, मैदानावर भिंगरी. एकदा पायाच्या आतल्या बाजूने, एकदा बाहेरच्या बाजूने बॉल ढकलत यायची, खांद्याने डावीकडे हूल द्यायची आणि उजवीकडून निघून जायची. मान वर. बॉलकडे बघायचंसुद्धा नाही. संध्याकाळी कपड्यांचा कारखाना सुटला की माणसं कुंपणाला टेकून तिला बघत राहायची. कोणीतरी विचारायचं, "मास्तर, ही कुठून पैदा केलीत?"

"घरचीच आहे," मी म्हणायचो. तेव्हा छाती किती फुगायची, ते आता सांगायला लाज वाटते.

खांबांत पहिली घुमी. उंच, काटकुळी, स्वतःहून चार शब्द बोलायची नाही म्हणून घुमी. तिची आई आणि माझी लेक कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर बसायच्या. लेक कॉलर शिवायची, घुमीची आई बाह्या जोडायची. घुमी तीन वर्षं रांगेत चौथ्या जागेवर उभी होती. मैदानाचा वॉचमन एकदा म्हणाला, "मास्तर, तिच्या पायालाही बॉल लागू द्या की कधी. नाहीतर पोरीला पालवी फुटेल."

सगळे हसले. मी हसलो. घुमीसुद्धा हसली.

त्या वर्षी सरकारी क्रीडा वसतिगृहाची निवड जाहीर झाली. राहणं, जेवण, बारावीपर्यंत शाळा, सगळं फुकट, आणि आमच्या भागातून एकच मुलगी घ्यायची होती. माझी लेक त्या दिवसापासून वेगळीच चालायला लागली. तिचा नवरा केव्हाच निघून गेला होता, आणि पंधरा वर्षं मशीनवर वाकून तिची मान एका बाजूला वळेनाशी झाली होती. "बाबा," ती म्हणायची, "हिने कॉलरला हात लावला नाही पाहिजे. बाकी मला काही नको."

"अगं, निवड झाल्यातच जमा आहे," मी म्हणायचो.

निवडीला वीस-बावीस मुली आल्या होत्या. निवड करणारी बाई गळ्यात शिट्टी अडकवून उभी होती. आधी शंकू मांडले होते. भिंगरी त्यातून पाण्यासारखी गेली आणि पाण्यासारखी परत आली. टाळ्या पडल्या. बाईने घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहिलं. लेक माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की बोटांचे वळ उठले.

मग बाई म्हणाली, "आता समोरासमोर. एकीने बॉल घेऊन यायचं, दुसरीने अडवायचं. पाच वेळा." एका क्लबच्या दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या. भिंगरीसमोर घुमी आली. मला घुमीची कीव आली, खरं सांगतो.

भिंगरी आली. डावीकडे खांदा टाकला. घुमी हलली नाही. बॉल उजवीकडे वळला तेव्हा तिने नुसता लांब पाय पुढे केला आणि बॉल काढून घेतला. भिंगरी हसली, चुकून झालं असं समजून. दुसऱ्यांदा वेग वाढवून आली. तेच. घुमीला घाई नव्हती. तो खांदा तिने तीन वर्षं हातभर अंतरावरून पाहिला होता. तो खोटं कधी बोलतो, हे तिच्याइतकं माझ्याही ध्यानात नव्हतं. आणि भिंगरीच्या वाटेत जन्मात कोणाचा पाय आला नव्हता.

तिसऱ्यांदा बॉल गेला तेव्हा ती माझ्याकडे वळून ओरडली, "मास्तर, ती पाय घालतेय!"

सगळं मैदान खो खो हसलं. बाई म्हणाली, "अगं बाई, यालाच फुटबॉल म्हणतात."

पाचही वेळा तेच झालं. मागे कोणीतरी म्हणालं, "वासरांत लंगडी गाय." मी मागे वळून पाहिलं नाही.

बुधवारी यादी लागली. घुमी निवडली गेली. खाली प्रतीक्षा यादीत पहिलं नाव भिंगरीचं.

त्याच संध्याकाळी घुमी एक कागद घेऊन माझ्या दारात आली. प्रशिक्षकाने सही करायची, मुलीला किती वर्षं आणि काय शिकवलं ते लिहायचं. शनिवारी बारापर्यंत कागद कचेरीत पोचला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

"ठेव," मी म्हणालो. "वाचून करतो."

मला अक्षरं पन्नाशीनंतर आली. ओळीखाली बोट ठेवून वाचतो, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मला कोणी घाई करत नाही. तो कागद पाव तासात वाचून झाला. मग मी त्याची घडी घातली आणि औषधांच्या डब्यात ठेवून दिली.

रात्री जेवताना लेकीने विचारलं, "शनिवारी बारापर्यंतच ना, बाबा?"

"हो."

"तुम्हाला वाचायला वेळ लागतोच." ती वाढत होती, मान वर केली नाही.

"लागतो," मी म्हणालो. भिंगरी ताटात बोट फिरवत बसली होती.

गुरुवारी घुमी आली. "झालं का, मास्तर?"

"वाचतोय."

शुक्रवारी पुन्हा आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. मी म्हटलं, "बस की आत."

"नको. उभं राहायची सवय आहे."

टोमणा होता का, ते चेहऱ्यावरून कळेना. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "त्यात विचारलंय, मी तुला काय शिकवलं. काय लिहू?"

तिने खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, परीक्षेत बसल्यासारखा. मग म्हणाली, "आठवत नाही, मास्तर," आणि निघून गेली.

शनिवारी दहा वाजता मी कागद डब्यातून काढला, पेन खिशाला लावलं आणि क्लबच्या खोलीकडे निघालो. सही करायला निघालो होतो की लोकांना दिसावं म्हणून निघालो होतो, ते मलाच नक्की सांगता येणार नाही. दारातून पाहिलं तर घुमीची आई टेबलापाशी उभी होती आणि सेक्रेटरी एका नव्या कागदावर शिक्का मारत होता. तिने कचेरीतून दुसरा कागद आणला होता.

"या मास्तर," सेक्रेटरी म्हणाला. "तुम्हाला वाचायला वेळ लागतोय असं कळलं, म्हणून म्हटलं आपणच करून टाकू. प्रशिक्षक म्हणून मीच सही केलीय. तीन वर्षं ड्रिब्लिंग शिकवलं, असं लिहिलंय. चालेल ना?"

या माणसाने उभ्या आयुष्यात बॉलला पाय लावला नव्हता. खोटं लिहितोस म्हणून त्याच्या अंगावर जायला तोंड उघडलं होतं. पण तेच वाक्य माझ्या खिशातल्या पेनाने लिहिलं असतं तरी तितकंच खोटं झालं असतं.

"चालेल," मी म्हणालो.

घुमीच्या आईने कागद पिशवीत ठेवला आणि माझ्या अंगावरून निघून गेली. वाटेत खुर्ची असावी तशी.

घरी लेक दारातच होती. "काय झालं?"

"सेक्रेटरीने सही केली. गेला कागद."

ती म्हणाली, "मग तुम्हीच करायची होती ना, बाबा! तेलही गेलं, तूपही गेलं. आता सोमवारपासून मला त्या बाईच्या शेजारी बसायचंय. आठ आठ तास. तिला काय तोंड दाखवू?"

"तूच तर म्हणालीस..."

"मी काय म्हणाले? तुम्हाला वाचायला वेळ लागतो, एवढंच म्हणाले."

खरं होतं. एवढंच म्हणाली होती.

भिंगरी मागच्या पायरीवर होती. सकाळी एकटीच मैदानावर जाऊन आली होती, बुटांना माती तशीच. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मी जाऊन उभा राहिलो तशी ती म्हणाली, "आजोबा, तो कागद तुम्ही कशाला ठेवून घेतलात?"

"तुझ्यासाठीच गं."

"म्हणजे तसं केल्याशिवाय माझा नंबर लागला नसता." ती रडत नव्हती. निवडीच्या दिवशीही रडली नव्हती. "मला येत नाही, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तसं नाही."

"मग कसं?"

ती खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागली. नाडी ओली होती, गाठ घट्ट बसली होती आणि ती नखांनी नुसती ओरबाडत होती. लहानपणी या पायांत बूट मीच घालायचो. मी गुडघा टेकून हात पुढे केला, तर तिने पाय मागे ओढून घेतला आणि गाठ न सोडताच बूट उपसून काढायला लागली.