खोटी जोडी

इंग्रजीत पाऊस जड असतो आणि चहा बलवान. असं का, ते विचारायचं नाही. मी एकदा विचारलं, तर पेटिग्रू बाई फटकन म्हणाल्या, "पोरी, कुणाचं कुणाशी जुळलं म्हणून आपण भांडायला जातो का? शब्दांचंही तसंच. जुळलं त्यांचं, तू गप पाठ कर."

बाईंचं वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. उसाच्या मळ्यांत वसलेल्या आमच्या वृद्धाश्रमात त्या बारा नंबरच्या खोलीत राहायच्या. मी सिरोया, दूर समुद्रातल्या तारावा बेटावरची, ह्या परक्या देशात करारावर आलेली मदतनीस. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं हे माझं काम.

मला इंग्रजीची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. समुद्राची वाटत नाही, मेलेल्या माणसाची वाटत नाही, पण समोरच्याने इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाची वाटते. नर्सिंगच्या कोर्सासाठी बोलण्याची परीक्षा द्यावी लागते, त्यात मी दोनदा आपटले होते. कानाला यंत्र लावून बसवतात. यंत्राने विचारलं, "तयार आहात का?" मी दोन्ही भुवया वर केल्या. आमच्याकडे 'हो' असंच म्हणतात. आईला, पाद्रीबाबाला, दुकानदाराला, सगळ्यांना. यंत्राला भुवया दिसतात होय? कप्पाळ!

बाईंना हे सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम मास्तरीण झाल्या. "आजपासून भुवया बंद. तोंडाने बोलायचं." मी सवयीने भुवया वर केल्या, तर चमच्याने हातावर टपली मारली.

तेव्हापासून रोज दहाच्या चहाला आमचा खेळ चालायचा. बाई बिस्किटांच्या जुन्या डब्यातून चिठ्ठ्या काढत आणि शब्दांच्या तीन जोड्या म्हणत. त्यातली एक मुद्दाम खोटी असायची, ती मी पकडायची. पकडली की बशीवर चमचा टण्णकन वाजायचा. एकच खोटी, कधीच दोन नाहीत. ह्या बाबतीत बाई भारी काटेकोर.

त्या मंगळवारी मी चहा घेऊन गेले तेव्हा बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, मांडीवर डबा घेऊन.

"बलवान पाऊस," बाई म्हणाल्या.

"खोटी!" मी लगेच ओरडले. इतकी सोपी? चमचा वाजेल म्हणून थांबले. वाजला नाही.

"जड चहा," बाई म्हणाल्या.

मी हसले. "बाई, आज दोन-दोन? ही लबाडी आहे हं."

त्या माझ्याकडे बघत होत्या, पण खोडकर नजरेने नाही. इंग्रजीत माणूस झोपेत पडतो आणि सर्दी पकडतो. बाईंनीच शिकवलं होतं. आता त्या हळूहळू म्हणाल्या, "मी सर्दीत पडले. मी झोप... झोप पकडली." आणि त्यांच्या उजव्या हातातून चमचा गळून पडला. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

प्रशिक्षणात शिकवलं होतं, डोक्यात रक्त अडलं की आधी बोलणं बिघडतं, हात लुळा पडतो, आणि मग एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. मी धावत सुटले.

कर्स्टन सिस्टर पलीकडच्या भागात होत्या. आठ नंबरचे आजोबा न्हाणीघरात पडले होते, डोकं फुटलं होतं. सिस्टर रक्ताने माखलेल्या हातांनी त्यांना धरून बसल्या होत्या.

"सिस्टर, पेटिग्रू बाई चुकीचं बोलतायत!"

"म्हणजे?"

"जड चहा म्हणाल्या. बलवान पाऊस म्हणाल्या."

सिस्टरनी मान वर केली. "अगं, रोज तोच खेळ चालतो ना तुमचा?"

"आज खेळ नाहीये."

"सिरोया, तू दोनदा नापास झालीस आणि बाईंचं इंग्रजी तू तपासतेस? इथे रक्त थांबत नाहीये, बघतेस ना! येते मी वीस मिनिटांत."

वीस मिनिटं. मी परत खोलीत पळाले. बाईंच्या तोंडाची उजवी कड आता खाली ओघळली होती. डावा हात लुळ्या हातावरून फिरत होता, काहीतरी हरवल्यासारखा. त्यांनाही भीती वाटत होती, ते त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

आमच्याकडे नियम असा की मदतनिसाने परस्पर ॲम्ब्युलन्स बोलवायची नाही, सिस्टरमार्फतच बोलवायची. स्वयंपाकघरात मोठ्या अक्षरांत लावलंय. आणि मी चुकले असेन तर? खरंच खेळ असला तर? करार संपला, पुढच्या विमानाने तारावाला. पण बाई मेल्या तर? बाईंचा फोन उशाशीच होता.

उचलला फोन, ॲम्ब्युलन्सचा नंबर लावला.

"पेशंट श्वास घेतोय का?" एका बाईचा आवाज आला.

मी उत्तर दिलं.

"हॅलो? ऐकू येतंय का? पेशंट श्वास घेतोय का?"

मी पुन्हा उत्तर दिलं. ही बाई बहिरी आहे का?

"हॅलो, कुणी आहे का तिथे? नाहीतर मी फोन..."

समोर कपाटाचा आरसा होता. त्यात एक बावळट पोरगी फोन कानाला लावून, तोंड घट्ट मिटून, भुवया वर करून उभी होती. अगं भवाने! तोंड उघड!

"हो!" मी किंचाळले. "श्वास हो! हात नाही! तोंड वाकडं!"

"पेशंट बोलतोय का?"

"बोलतायत. चूक बोलतायत." माझं इंग्रजी पार विस्कटलं होतं, एक जोडी धड लागत नव्हती. "त्या शिक्षिका. चाळीस वर्षं चुकल्या नाहीत. आज चहा जड म्हणाल्या. मला खूप भीती. लवकर या, लवकर या, लवकर."

आता हसेल, असं मला वाटलं.

"फोनवरून पत्ता दिसतोय, निघाली गाडी," ती म्हणाली. "सुरू कधी झालं, वेळ सांगा."

"दहा वाजून पाच. चहाची वेळ."

भोंगा ऐकून कर्स्टन सिस्टर धावत आल्या. "कुणी बोलावली ही?"

"मी," मी म्हटलं. तोंडाने.

त्या मला फाडून खाणारच होत्या, तेवढ्यात त्यांनी बाईंकडे पाहिलं. मग बाजूला सरकून स्ट्रेचरला वाट करून दिली.

नवव्या दिवशी मला हॉस्पिटलात बाईंना भेटायला सोडलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर वाचल्या नसत्या. पण वाचा गेली होती. येईल, कदाचित नाही येणार. समजतं किती, तेही अजून सांगता येत नाही.

मी चिठ्ठ्यांचा डबा घेऊन गेले होते. पलंगाशी बसून तीन जोड्या म्हटल्या, एक मुद्दाम खोटी. त्यांच्या डाव्या हातात चमचा दिला. तो चादरीवर तसाच पडून राहिला. बाई छताकडे बघत होत्या. मी पुन्हा म्हटल्या, मोठ्याने. काही नाही. तेव्हा मात्र मी फोनवर घाबरले त्याच्या दसपट घाबरले. शरीर इथे आणि माझ्या बाई दुसरीकडेच कुठेतरी, असं असेल तर मी कुणाला वाचवलं? रडू यायला लागलं. रडताना दिसू नये म्हणून उठले आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "चहा आणू का, बाई?"

त्यांनी मान हळूच माझ्याकडे वळवली. तोंड हललं, आवाज आला नाही. पुन्हा हललं, पुन्हा नाही. कपाळावर घाम आला.

मग बाईंनी माझ्याकडे बघत दोन्ही भुवया वर केल्या.