नैनाच्या गाडीतला रेडिओ

"शिवांगी, ही गाडी नको घेऊस. मी सांगून राहिली ना," नैना मला म्हणाली होती.

इथल्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता. भाड्याने घेतलेल्या हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी कागदी वाट्यांमध्ये श्रीखंड भरत होतो. का गं, असं विचारल्यावर तिने आधी दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, ह्या गाडीतून मी कुठेही गेले तरी सत्यजितला कळतं. मी हसले. माझ्या नवऱ्याला मी घरात कुठल्या खोलीत आहे तेही ठाऊक नसतं, तुझं बरंय, असं काहीतरी बोलले. तीही हसली आणि पुढच्या वाट्या भरायला लागली.

मला वाटलं, गाडी हातची जातेय म्हणून बिचारीला वाईट वाटतंय. तिचा नवरा सत्यजित ती आम्हाला विकत होता आणि सगळ्यांना सांगत होता की नैना घरीच असते, दोन गाड्या कशाला. मी एरवी अतिकाळजी करणारी बाई आहे. माझ्या लेकीच्या, इशिताच्या, कारसीटचा पट्टा तीनदा ओढून बघते. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. आणि हे मात्र मी हसण्यावारी नेलं.

कारण सत्यजित म्हणजे आमच्याकडे अडीअडचणीला पहिला फोन. आम्ही पुण्याहून सनीव्हेलला आलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तोच आला होता. दोन गाद्या आणि एक कुकर त्याने महिनाभर वापरायला दिला होता. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायचे. निमिष, माझा नवरा, दादा म्हणायचा. गाडी घेण्याआधी एकदा मेकॅनिकला दाखवू या, असं मी सुचवलं होतं. निमिष म्हणाला, यार, दादांची गाडी मेकॅनिकला दाखवायची? बरं दिसतं का ते? मलाही ते पटलं. सह्या झाल्या, किल्ली मिळाली, वर सत्यजितने इशितासाठी खिडकीला लावायचे सनशेड दिले.

जूनमध्ये नैनाने विचारलं, मंगळवारी सॅन होजेला डेंटिस्टकडे सोडशील का. बस दोनदा बदलावी लागते आणि सत्यजितला ऑफिसातून निघता येत नाही. मी म्हटलं, मला तरी काय काम आहे, इशिता गाडीत छान झोपते. ती लायब्ररीच्या मागच्या कोपऱ्यावर उभी राहायची. फोन घरी विसरला म्हणाली. दुसऱ्या मंगळवारीही विसरला होता. दोन्ही वेळा मी पार्किंगमध्ये इशिताला घेऊन बसले, आणि दुसऱ्या वेळी मला दिसलं की तळमजल्यावरच्या दातांच्या दवाखान्याचं काचेचं दार ओलांडून ती सरळ जिन्याने वर गेली. दीड तासाने आली ती तोंड धुऊन. मी काही विचारलं नाही. घरी पालक पनीर करणार आहे, असं ती बोलत होती. मी हो हो करत होते.

तिसऱ्या मंगळवारी तिनेच सांगितलं. गाडी सुरू करणार तेवढ्यात तिने कुर्त्याची बाही वर केली. कोपराच्या वर चार बोटांचे डाग होते, कडेने पिवळे पडत चाललेले. वर बायकांना मदत करणारी एक संस्था आहे. तिथल्या वकीलबाईंनी कागद तयार केले आहेत. पासपोर्ट सत्यजितच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो, पण त्यावाचूनही काम होईल असं त्या म्हणतात. पुढच्या मंगळवारी ती माझ्याबरोबर परत येणार नव्हती. राहायची सोय झाली होती. कुठे, ते तिला मला सांगायचं नव्हतं.

"तोवर त्याला कळायला नको फक्त," ती म्हणाली. "कळलं तर तो मला दुसरीकडे नेईल. न्यू जर्सीत एका शेजारणीशी माझं पटायला लागलं होतं. तिला मी थोडंसं बोलले, तर पंधरा दिवसांत इकडे आलो आम्ही."

मग डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणाली की ह्या गाडीत बसायची तिला अजूनही भीती वाटते. त्यावर मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हटलं, "वेडी आहेस का? गाडी आता आमच्या नावावर आहे. तो तुझ्या फोनवरून बघत असणार. फोन घरी ठेवतेस ना, मग झालं तर." मी स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी केलेली, माझा नवरा सांता क्लाराला चिप डिझाइन करणारा. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. निमिषलाही सांगायचं नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. तो दादा म्हणतो ना त्याला, एवढंच कारण दिलं. मी कबूल केलं आणि पाळलंही.

शनिवारी निमिषने सॅटेलाइट रेडिओ बसवायला घेतला. ऑगस्टमध्ये डोंगरात जायचं ठरत होतं. तिथे फोनला नेटवर्क नसतं, आणि गाणं बंद पडलं की इशिता रडून रडून ओकते. गाडीतला कंपनीचा जुना स्टिरिओ बदलायची गरज नाही, असं त्याने व्हिडिओत बघितलं होतं. लहानसा रिसीव्हर स्टिरिओच्या मागे जोडायचा, छपरावर चुंबकवाला अँटेना चिकटवायचा, दोन तासांचं काम. बॅटरीची एक वायर सोडवून ठेवली, प्लॅस्टिकच्या पट्टीने डॅशबोर्डची फ्रेम उचकली आणि स्टिरिओ बाहेर ओढून सीटवर कपडा टाकून त्यावर ठेवला. मी इशिताला कडेवर घेऊन टॉर्च धरून उभी होते.

"अरे, इथे कोणीतरी आधीच खेळ करून ठेवलाय," निमिष म्हणाला.

सतत करंट असणारी पिवळी वायर मध्येच सोलून तिला दुसरी जोडली होती, वर काळी चिकटपट्टी. ती वायर ओढत गेल्यावर हीटरच्या नळीमागून काडेपेटीएवढी काळी डबी निघाली. तिच्या कडेला सिमकार्डची खाच होती. निमिष म्हणाला, चोरी झाली तर गाडी शोधायला लावतात, दादांनी कधीतरी लावली असेल. तिचा प्लग काढून त्याने ती कप ठेवायच्या खळग्यात टाकली आणि आपला रिसीव्हर जोडायला लागला.

टॉर्चचा उजेड मी त्या डबीवरच धरून ठेवला होता. तो म्हणाला, नीट धर ना. मी तीन मंगळवार मोजत होते. लायब्ररीचा मागचा कोपरा. सॅन होजेची ती इमारत. इशिताचा डॉक्टर, आमचं दुकान, माझी सगळी ये-जा. पण तोंडाने मी एवढंच म्हटलं की राहू दे आता, उद्या कर. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी वचन पाळत होते.

त्याने बॅटरी परत जोडली. स्टिरिओ लागला, पण गाणं नाही, नुसती चार इंग्रजी अक्षरं: CODE. ह्या जुन्या गाड्यांचा स्टिरिओ एकदा करंट गेला की नंबर मागतो. चोरलेला कोणाला वापरता येऊ नये म्हणून. नंबराचं कार्ड ग्लव्हबॉक्समध्ये असतं. आमच्यात नव्हतं. आणि मी थांब म्हणेपर्यंत निमिषने फोन स्पीकरवर टाकून सत्यजितला लावलासुद्धा.

पहिल्याच रिंगला उचलला. कोडचे पाच आकडे त्याने तोंडपाठ सांगितले. ते दाबत निमिष हसत म्हणाला, कमाल आहे दादा तुमची, आणि हो, मागे एक ट्रॅकरसारखी डबी पण निघाली, तुमची आहे का?

मग सत्यजित नेहमीच्याच आवाजात बोलला.

"जुनी आहे रे ती. टाकून दे. आणि वहिनी असतील तिथे तर त्यांना माझे थँक्स सांग. मंगळवारी उगाच इशिताला घेऊन दीड-दीड तास उन्हात बसतात. आता नको म्हणावं. नैनाचे दात मी बघतो."

निमिषने माझ्याकडे बघितलं. कसले दात, असं त्याने फोन ठेवल्यावर विचारलं, आणि मी तिथेच, गाडीच्या उघड्या दारापाशी, सगळं सांगितलं. तो माझ्यावर चिडला नाही. मग म्हणाला, बस, जाऊ या.

फ्रेम तशीच उचकलेली, वायरी गुडघ्यावर लोंबतायत, अशी गाडी आम्ही काढली. कारपोर्टच्या छपराखालून बाहेर पडल्याबरोबर रेडिओला उपग्रह सापडला आणि कुठल्याशा राज्यातलं हवामान मोठ्याने सुरू झालं. आवाज कसा कमी करायचा ते दोघांनाही सापडेना. तसेच दहा मिनिटांवरच्या त्यांच्या घरी पोचलो.

सत्यजितने हसत दार उघडलं. या, बसा, चहा टाकलाय म्हणाला. आणि आम्ही बसलो. हे मला अजून कोणाला नीट समजावून सांगता आलेलं नाही. मनात होतं की आत जाईन, तिचा हात धरेन आणि गाडीत बसवेन. पण समोर बिस्किटांची बशी आली, त्याने निमिषला ऑफिसचं विचारलं, निमिषने उत्तर दिलं. मी स्वयंपाकघरात मदतीला म्हणून उठले तर तो माझ्याआधी उठून दारात उभा राहिला, बसा हो वहिनी, होतंय तिचं. नैना ट्रे घेऊन आली. इशिताला घेऊ का, असं तिने मला नाही, त्याला विचारलं. घेतलं, तिच्या केसांना नाक लावलं आणि परत दिलं. मंगळवारी येऊ का, मी विचारलं.

"नको गं," ती म्हणाली. "दुखायचं थांबलं आता."

चहा आम्ही संपवला.

संस्थेचा फोन शनिवारी रेकॉर्डिंगवर होता. मी निरोप ठेवला. रविवारी सकाळी पोलिसांना कळवलं. ते जाऊन आले. नैनाने दारात येऊन सांगितलं की ती ठीक आहे, नवरा मागे उभा होता. सज्ञान बाईने ठीक आहे म्हटल्यावर आम्हाला जास्त काही करता येत नाही, असं त्यांनी मला समजावलं. शोभनाकाकूंना, म्हणजे मंडळाच्या सगळ्यात जुन्या काकूंना, फोन केला. त्या म्हणाल्या, नवरा-बायकोत आपण पडू नये, तुझी मुलगी लहान आहे, तू तिच्याकडे लक्ष दे. मंगळवारी मी तरीही लायब्ररीच्या मागे जाऊन थांबले, साडेअकरापर्यंत. संस्थेतून फोन आला तोवर शुक्रवार उजाडला होता आणि सत्यजितच्या रिकाम्या अपार्टमेंटमध्ये गालिचा धुणारे लोक काम करत होते.

मंडळाच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला. अर्विंग, टेक्ससला नवा प्रोजेक्ट मिळाला, अचानक निघावं लागलं, सगळ्यांच्या प्रेमाबद्दल आभार. खाली शुभेच्छा, केक, हात जोडलेले. कोणीतरी लिहिलं होतं, दादा, तुमच्याशिवाय गणपती कसा होणार. मी लिहिलं, नैनाचा नवा नंबर कोणाकडे आहे का? त्याला उत्तर आलं नाही. संध्याकाळी मी ग्रुपमध्ये नव्हते.

ह्याला आता सात आठवडे झाले. अर्विंगच्या पोलिसांना मी दोनदा फोन केला, पण माझ्याकडे पत्ता नाही. तिच्या आईचा नागपूरचा नंबर मिळवला. आई म्हणते, जावईबापू रोज बोलतात, नैना आंघोळीला गेलेली असते, नाहीतर झोपलेली असते.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही डॅलस-अर्विंगच्या बाजूला राहत असाल, तर तिला शोधा. वय एकतीस, उंच, सावळी, चष्म्याची डावी काडी पांढऱ्या टेपने जोडलेली. बोलताना मध्येच नागपुरी येते. आपल्या किराणा दुकानात शनिवारी दुपारी तो तिला घेऊन येत असेल. यादी त्याच्या हातात असते, कार्ट ती ढकलते. मंडळात तो आलाच असेल, एव्हाना कोणाकोणाला विमानतळावरून आणलंही असेल, तुम्हाला तो आवडेल. त्याच्यासमोर तिला काही विचारू नका. तो बिलाच्या रांगेत असेल तेव्हा भाजीपाशी जा, किंवा ती बाथरूमकडे गेली तर मागून जा. शिवांगीने पाठवलंय म्हणा. ती नाही म्हणाली, तर पुढच्या शनिवारी परत जा. फोन करू नका, तो उचलेल. स्वतः जाऊन बघा, ती दिसते का, आणि दिसली तर दोन्ही हातांनी कार्ट ढकलते आहे का, की एक हात अंगाशी धरलाय.