कॉन्सेप्ट नावाची गाडी

एका विदेशी कंपनीच्या महागड्या स्टेशन वॅगनचा फोटो अब्बांनी मोबाइलवर पाहिला. गाडी उंच उचललेली, जाड टायरांची, चारही चाकांवर चालणारी होती. खाली ‘कॉन्सेप्ट’ लिहिलं होतं. अब्बांना ते गाडीचं नावच वाटलं. मग सोलापुरातल्या आमच्या गॅरेजमध्ये त्यांनी एक जुनी वॅगन तशीच उंच केली, जीपचे भाग घालून चारही चाकांना इंजिनाचा जोर दिला आणि मागे पेंटरकडून तेच नाव रंगवून घेतलं.

अब्बा वारल्यानंतर त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर सांगोल्याचे अभिमन्यू ती गाडी विकत मागायला आले. डाळिंबाच्या बागेत जायला त्यांना ती हवी होती. मला द्यायची नव्हती.

“आपा, वो नाम तो मिटाऊं क्या?” धाकटा अल्तमश कुजबुजला. “लोगां हसेंगे.”

“कॉन्सेप्ट म्हणजे नुसती दाखवायला केलेली गाडी,” मी अभिमन्यूंना म्हणाले. “ती विकायची नसते.”

“दाखवायला?” ते हसले. “अवो ताई, गेल्या पावसाळ्यात माजा ट्रॅक्टर वढ्यात रुतला हुता. तुमच्या अब्बांनी हीच गाडी चिखलात घातली आन् वडून काढला की! आन् वर मलाच म्हणत्यात, ट्रॅक्टर इका आता, शेळ्या पाळा.”

हे अब्बांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. पण ते बोलणं त्यांचंच होतं. मला हसू आलं.

“नाव राहू दे,” मी अल्तमशला म्हणाले आणि किल्ली अभिमन्यूंच्या हातावर ठेवली.