म्हशीच्या दोरीनं शाळा गाठली

मी दोरी बोलतेय. सुतळी समजून नाक मुरडू नका. घायपाताच्या वाखाची, भरल्या अंगाच्या म्हशीनं हिसडे दिले तरी न तुटलेली दोरी आहे मी.

मला वळलं पिराजीनं. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं, तानाबाईनं, गोठा सांभाळला. मी हरणी म्हशीच्या गळ्यात. रोज सकाळी आम्ही चौकातल्या दूध कट्ट्यावर जायचो. तिथं गिऱ्हाईक पेला घेऊन उभं असतं आणि त्याच्यासमोर म्हैस पिळतात.

वाटेत माणसांची तऱ्हा बघायची. शाळा हाकेच्या अंतरावर, तरी एकेका पोरासाठी एकेक मोटार. शाळेच्या दारात नुसता धूर. तानाबाईची नात अनुजा व्हॅनमधून उतरायची ती खोकतच.

"उद्यापासनं पोरगी चालत जाईल," तानाबाई म्हणाली.

"आणि चौकातनं कोण न्हेणार?" सून क्रांतीनं विचारलं. "गाड्या कुणाला थांबत न्हाईत, आत्याबाई."

"माझ्या म्हशीला थांबत्यात की."

क्रांतीनं एकच सकाळ दिली. घंटेच्या आत पोरगी पोचली तर ठीक, न्हाय तर पुन्हा व्हॅन.

तानाबाईनं गल्लीतली पोरं गोळा केली, मला गाठी मारल्या, एकेका पोराच्या हातात एकेक गाठ दिली. पुढं हरणी, मागं पोरं. रिक्षा बाजूला झाल्या, मोटारी दबल्या. मी ताठ.

आणि चौकात घोटाळा झाला. कट्टा दिसताच हरणीला वाटलं, धारेची वेळ झाली. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि पान्हा सोडला.

"मावशी, शाळेला निघालाय का दूध घालायला?" कट्ट्यावरचा शिवाप्पा हसला.

"तू पेला ठेव खाली अन् गप बस." तानाबाईनं मला ओढलं, हरणीला चुचकारलं. ढिम्म. मागं हॉर्नचा कल्लोळ. क्रांती पाठोपाठ आलेली, हात कमरेवर.

"आज्जी, घंटा हुईल," अनुजा रडकुंडीला आली.

तानाबाईनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. दोन्हीकडच्या गाड्या तुंबलेल्या, पुढचा रस्ता मोकळा. तिनं मला हरणीच्या गळ्यातनं सोडलं आणि स्वतःच्या मुठीत धरलं.

"शिवाप्पा, हिची धार काढ. सावकाश काढ. चला रं पोरांनो."

पोरांची रांग चौक ओलांडून गेली. अडकलेल्या एका मोटारीचं दार उघडलं, सौंदर्या नावाची पोरगी उतरली आणि तिनं माझं शेपूट धरलं. तिचे वडील दप्तर घेऊन मागनं पळत आले.

शाळेच्या दारात एकही गाडी नव्हती. घंटा व्हायच्या आत पोरं आत. अनुजानं पायरीवर उभं राहून छाती भरून श्वास घेतला. खोकला आला नाही.

"व्हॅनवाल्याला नको म्हणून सांगते," क्रांती म्हणाली. "पण आत्याबाई, म्हैस कट्ट्यावरच ठेवा."

"ठेवली की."

आता हरणीच्या गळ्यात नवी दोरी आहे. मी पोरांची. दूध प्यायला आलेली माणसं पेला हातात धरून चौकात आडवी उभी राहतात आणि आम्ही मिरवत जातो. रांग रोज वाढतेय. तुमचंही पोर मोटारीत बसून उबगलं असेल, तर पाठवा. मी पुरत नसेन, तर आणखी एक दोरी आणून मला जोडा. पण त्या मोटारीला तेवढं घरच्या दारात विसावा घेऊ द्या.