टिकलीची जागा

देवरावांची जुनी गाडी त्यांच्या मुलानं, प्रज्ञेशनं, विकली आणि नवी आणली. जुनीत काचेवरची वाफ घालवायची मूठ गिअरच्या वर होती. हात आपसूक तिकडं जायचा, नजर रस्त्यावरच राहायची. नवीत सगळा कारभार एका गुळगुळीत पडद्यावर. देवरावांना अक्षरं आली तीच पन्नाशीनंतर. चालत्या गाडीत ती जुळवणं काही जमेना. मग त्यांनी बायकोच्या, पार्वतीबाईंच्या पाकिटातली एक टिकली काढून वाफेच्या चित्रावर चिकटवली. बोटाला खूण झाली. घरात कुणाला बोलले नाहीत.

मंगळवारी पार्वतीबाईंना डायलिसिससाठी सिकंदराबादला न्यायचं होतं. काचीगुड्याहून निघाले तेव्हा पावसाची भुरभुर चालू होती. पुलाच्या उतारावर काच आतून पांढरी झाली. देवरावांनी न बघता टिकली दाबली. वाफ हटली नाही, गाणं लागलं. पुन्हा दाबली, गाणं बदललं. तेव्हा त्यांनी मान खाली घातली. वर केली तोवर गाडी दुभाजकावर चढली होती.

पार्वतीबाईंच्या कपाळाला टाके पडले.

संध्याकाळी प्रज्ञेश पडद्यावरची टिकली नखानं खरवडत होता.

"बाबा, हे काय बटन हाय का? पेज बदललं की त्याच जागी दुसरंच येतं. काल मीच गाण्यांचं पेज खुलं ठेवून..."

"टिकली गाडीला लावलीत," पार्वतीबाई म्हणाल्या, "आणि टाके मला पडले."

एरवी देवराव हसले असते. ते आपल्या पंजाकडं बघत राहिले. तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा मांडीवर पडला होता.

शुक्रवारी पार्वतीबाई तयार होऊन दारात आल्या. "किल्ली घ्या."

"आटो बोलावलाय."

"मी काही म्हणाले का?"

"नाही."

"मग?"

देवरावांनी चपला घातल्या.

"बैठो चाचा," आटोवाला म्हणाला. पुलाच्या उतारावर काच धुरकटली. त्यानं रस्त्यावरची नजर न काढता हँडलला अडकवलेलं फडकं ओढलं आणि काच पुसली.

मागं देवरावांचा डावा हात उठला, गुडघ्यापुढं गेला, हवेत मूठ धरून वळला.

पार्वतीबाईंनी तो खाली घेतला आणि आपल्या हाताखाली ठेवला. हातावर वजन आहे, एवढं देवरावांना कळलं. पार्वतीबाईंचा हात ऊन होता की गार, ते कळलं नाही.