अडकित्त्याचा आकडा

धुळ्याच्या माणकचंद शेठजींच्या फियाटमध्ये ड्रायव्हरची सीट खडखडायची. सीट ज्या लोखंडी पट्टीवर पुढेमागे सरकते, तिच्या दात्यात अडकणारा आकडा झिजून गेला होता. मिस्त्री हारुन म्हणाला, मुंबईहून मागवावा लागेल, महिना तरी जाईल. पण त्या आवाजानं शेठाणी धापूबाईंचं डोकं उठायचं. शेवटी त्यांची सून प्रेमकुंवरनं एक मोडका अडकित्ता काढला, हारुनकडून कानस मागवली आणि दोन दुपारी घासून घासून त्याच्या दांड्याचा तसाच आकडा केला. लहानपणापासून तिला अशा कामांची हौस होती. हारुननं तो बसवला, सीट हलवून पाहिली आणि म्हणाला, “चालेल भाभी, पण जपून.”

खडखड थांबली. घरात सगळ्यांनी कौतुक केलं. प्रेमकुंवरच्या मनात मात्र तो ‘पण’ रुतून बसला. आवाज येत होता तेव्हा सीट सैल आहे हे निदान कळत तरी होतं. आता त्या आकड्याचं आत काय चाललंय, याचा पत्ताच लागत नव्हता.

आठवड्याभरात मालेगावहून निरोप आला, धापूबाईंचे भाऊ फार आजारी होते. सकाळीच शेठजींचा मुलगा अभयकुमार आई आणि बायकोला घेऊन निघाला. प्रेमकुंवर नवऱ्याच्या सीटच्या थेट मागे बसली होती. गचका बसला की तिचा हात पदराखालून सीटच्या कडेला जायचा. एकदा तिनं नवऱ्याला सावकाश चालवा म्हटलं, तर तो हसला.

लळिंगचा घाट लागला. पुढे चढ, मागे कापसाच्या गाठी लादलेला ट्रक. वळणावर गाडी दमली, म्हणून अभयकुमारनं गिअर बदलायला क्लच जोरात दाबला आणि कट्‌ असा बारीक आवाज झाला.

प्रेमकुंवरनं तो आवाज ओळखला.

सीट सपकन मागे आली आणि तिच्या गुडघ्यांवर आदळली. अभयकुमार स्टिअरिंगला लोंबकळल्यासारखा झाला. मुळात तो बुटका, त्याचे पाय हवेतच राहिले. इंजिन बंद पडलं. क्षणभर गाडी जागच्या जागी थांबली, मग हळूहळू मागे सरकू लागली. हँडब्रेक नावापुरताच होता, तो त्यानं ओढला तरी गाडी सरकतच होती. डाव्या अंगाला दरी होती आणि मागून ट्रकचा हॉर्न सुरू झाला होता.

“पाय पोचत नाही,” अभयकुमार म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

नवऱ्याच्या पाठीला पाय लावायचा, आणि तोही सासूच्या डोळ्यांदेखत. हा विचार तिच्या मनात आला आणि तिथेच राहिला. तिनं पाठ मागच्या गादीला टेकवली, पायांचे दोन्ही तळवे सीटला लावले आणि सगळा जीव एकवटून रेटलं. सीट बोटभर सरकली, पुन्हा मागे आली.

तेवढ्यात तिच्या पायांशेजारी आणखी दोन पाय आले. धापूबाईंनी लुगडं सावरून, तिरक्या होऊन, जोडव्यांसकट आपले पाय सीटला लावले होते. त्या नवकार मंत्र पुटपुटत होत्या. दोघींनी मिळून रेटलं तशी सीट पुढे गेली. अभयकुमारचा पाय ब्रेकवर पडला.

गाडी थांबली. ट्रकवाला मोठा धोंडा उचलून धावत आला.

“ब्रेक सोडू नका भाऊ, मी दगड लाई देस,” तो म्हणाला.

धोंडा चाकाखाली गेला तरी दोघींनी पाय काढले नाहीत. ट्रकवाल्यानं दोरखंडानं सीट पुढच्या बाजूला आवळून बांधली. आकड्याचे दोन तुकडे त्यानं प्रेमकुंवरच्या हातावर ठेवले. तिला वाटलं, आता सासूबाई बोलतील. पण त्यांनी तुकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“पाय लाव,” एवढंच त्या म्हणाल्या. “दोराचा भरवसा नाही.”

मालेगावच्या वेशीपर्यंत त्या दोघी तशाच बसून गेल्या. अभयकुमारनं मागे वळून पाहिलं नाही. मामांच्या दारात उतरताना प्रेमकुंवरचे पाय उभे राहीनात, तेव्हा धापूबाईंनी तिच्या काखेत हात घातला. त्यांचाही हात थंडगार पडला होता.